चिमणाबाईचा जबाब

गणपती कोतवाल गुऱ्हाळावर आला, तो काकवी मागायलाच आला असेल असं सगळ्यांना वाटलं. दर हंगामात यायचा. हातात झाकणाची किटली असायची, 'पोरांस्नी जरा द्या की' म्हणायचा आणि जाताना गुळाचा खडा गालात धरून दिवसभर चघळत बसायचा. आज मात्र त्याच्या हातात किटली नव्हती. खिशातून एक कागद डोकावत होता आणि तो सारखा खिशावर हात दाबून धरत होता.

चिमणाबाई रानात चिपाड उलथत होती. चरकातून निघालेलं चिपाड ओलं, चिकट आणि धारेचं असतं. ते हाऱ्यातून रानात न्यायचं, उन्हात पसरायचं, दुपारी उलथायचं आणि वाळलं की भारे बांधून जळणासाठी चुलवाणापाशी आणून टाकायचं. काम हलकं म्हणून म्हाताऱ्या बायकांना देतात. ज्यांनी ते कधी केलं नाही ते त्याला हलकं म्हणतात. दिवसभर वाकून कंबरेचा खुळखुळा होतो, तळव्यांना बारीक चिरा पडतात आणि त्या चिरांत रस गेला की हात चुणचुणत राहतो. वर गांधीलमाश्या घोंघावत असतात. चिमणाबाईनं साठी कधी ओलांडली तिलाच माहीत नव्हतं, पण गुडघ्यांना ते बरोबर माहीत होतं.

"चिमणाकाकू, जरा सावलीला चल," गणपती म्हणाला.

"उलथायचं राहिलंय अजून. हितंच बोल."

"हितं बोलण्यासारखं न्हाय."

"मग घरी जाऊन काय वेगळं ऐकणार हाय मी? बोल."

गणपतीनं चुलवाणाकडं बघितलं. हंबीररावांचं गुऱ्हाळ ते. काहिलीपाशी गुळव्या उभा होता, दोन बायका भारे बांधत होत्या. सगळ्यांचे कान इकडंच होते.

"कचेरीतनं नोटीस आलीया," तो म्हणाला. "तुझा पगार बंद झाला."

गावात निराधारांच्या अनुदानाला पगारच म्हणत. महिन्याचे साठ रुपये. पोस्टमन आणून द्यायचा, अंगठा घ्यायचा. चिमणाबाईचा नवरा गेल्यावर तलाठ्यानंच तिचं नाव घातलं होतं.

"बंद तर बंद," ती म्हणाली. "आजवर दिला त्येंनी, लई झालं."

"बंद न्हाय नुसता. आजवर जो दिलाय तोबी परत भरायचा हाय. दंड धरून."

चिमणाबाई कंबरेवर हात ठेवून सरळ उभी राहिली. "आरं, पण तो तर खाल्ला की मी."

गुळव्या हसला. बायकाही हसल्या. चिमणाबाईलाही थोडं हसू आलं, कारण बोललं होतं ते खरंच होतं. फक्त गणपती हसला नाही.

"तुला कमवता ल्योक हाय म्हणून लिवलंय. ल्योक असून निराधार म्हणून पैसं उचललंस. न भरलंस तर घरातली चीजवस्तू उचलायची हाय आनि उचलायला मलाच धाडणार."

हे शेवटचं तो खाली बघून बोलला. मग कागद तिच्या हातात न देता हाऱ्याच्या काठात खोवून गेला. तिचे हात रसानं बरबटलेले होते म्हणून असेल, किंवा हातात द्यायचा धीर झाला नसेल.

आता हा कमवता ल्योक कुठून आला ते सांगितलं पाहिजे.

चिमणाबाईला दोन मुलं झाली आणि दोन्ही पाळण्यातच गेली. पुढं काही झालं नाही. दीर अण्णासो, त्याचा थोरला मुलगा सयाजी. अण्णासोची बायको सयाजीच्या पाठच्या बाळंतपणात अंथरुणाला खिळली, तेव्हा हे पोर चिमणाबाईच्या पदरात आलं आणि पुष्कळ दिवस तिथंच राहिलं. तिला तो मोठी आई म्हणायचा. चिमणाबाईचा नवरा गेला तेव्हा मडकं सयाजीनं धरलं, आग त्यानं दिली, केस त्यानं उतरवले आणि बाराव्याला गावासमोर पागोटं त्याच्या डोक्याला बांधलं. ज्यानं मडकं धरलं तो ल्योक. गावात याहून मोठा दाखला कुणी मागत नाही.

पुढं तो कोल्हापूरला ओतकामाच्या कारखान्यात लागला. बायको, तीन पोरं, भाड्याची खोली. दिवाळीला मोठ्या आईला एक लुगडं आणि कधीमधी चहाची पुडी, एवढं तो करायचा. याहून जास्त त्याच्यानं होत नव्हतं आणि तिनं कधी मागितलंही नव्हतं.

गेल्या बेंदराला, बैलांच्या सणाला, तो गावी आला होता. सणाच्या आदल्या दिवशी कचेरीतून कुणी कारकून चौकशीला आला आणि सगळ्या पगारवाल्या म्हाताऱ्यांना चावडीत बोलावलं. पाऊस होता. सयाजी तिच्या डोक्यावर छत्री धरून चावडीपर्यंत आला आणि तिच्या चपला हातात घेऊन दारात उभा राहिला. शेजारच्या बायडाबाईनं 'मला देवाबिगर कुणी न्हाय' म्हणून हात जोडले. मग चिमणाबाईची पाळी आली. कारकुनानं दाराकडं बोट करून विचारलं, हा कोण?

पोर चपला धरून उभं आहे, अर्धं गाव बसलं आहे. कोणती बाई अशा वेळी 'माझा कुणी न्हाय' म्हणेल? ती म्हणाली, "माझा ल्योक." काय करतो विचारल्यावर तर ती आणखी खुलली. "कोल्हापुरात हाय, मोठ्या कारखान्यात." कारकुनानं लिहून घेतलं आणि तिनं आनंदानं अंगठा दिला. त्या दिवशी घरी जाताना ती सयाजीला म्हणालीसुद्धा की साहेब भला माणूस होता, तुझी चौकशी केली.

नोटीस आल्याच्या दुसऱ्या दिवशी ती तलाठ्याकडं गेली. तलाठ्याला सर्दी झाली होती. गळ्याला मफलर आणि नाकाला रुमाल लावून तो बसला होता. माणूस वाईट नव्हता. सकाळपासून बोलून बोलून कंटाळलेला होता, एवढंच.

"मावशी, तुम्हीच मुलगा म्हणून सांगितलंत. त्यांनी मुलगा लिहिलं. आता चूक कुणाची?"

"माझीच."

"पण तो तुमचा मुलगा नाही ना?"

"न्हाय कसा? मडकं त्यानंच धरलं की."

"मडकं धरलं म्हणून कायद्यात मुलगा होत नाही."

"मग कायद्यात मडकं कोण धरतंय?"

तलाठ्यानं नाक पुसलं. तो सावकाश समजावू लागला. येत्या बाजारच्या दिवशी कचेरीतले साहेब चावडीत येणार होते. त्यांच्यासमोर नवा जबाब द्यायचा. सयाजी पुतण्या आहे, वेगळा राहतो, मला काही देत नाही, मला कुणी नाही. पंचांनी हो म्हणायचं आणि सह्या करायच्या. एवढं झालं की वसुली आपोआप सुटेल.

"सगळ्यांच्या म्होरं बोलायचं?"

"चावडीत म्हणजे सगळ्यांच्या समोरच."

"तुमी लिवा की. मी अंगठा देतो."

"साहेब तुमच्या तोंडून ऐकणार. मागं तोंडानं सांगितलंत, आता तोंडानंच मोडायला पाहिजे."

घरी येताना देवळाच्या कट्ट्यावर अण्णासो बसला होता. बातमी तिच्या आधी त्याच्यापाशी पोचली होती. अण्णासोची स्वतःची जमीन नावापुरती, वर्षातले बरेच दिवस तो दुसऱ्याच्या उसाच्या तोडीवर जायचा. पण बोलण्यात पाटलाच्या वरचा ताठा होता.

"वैनी, माझ्या पोराला चावडीत परका म्हणणार म्हणं तुमी?"

"अजून काय म्हटलं न्हाय मी."

"म्हणा. बिनघोर म्हणा. माझ्या थोरल्या भावाला आग दिली त्यानं. मग उद्या तुमाला कोण देणार, तेबी साहेबालाच इचारून घ्या."

चिमणाबाई पुढं गेली. ही गोष्ट तिच्या मनात नोटीस आली त्या घडीपासून होती, पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकल्यावर ती जास्त जड झाली. गरिबाला जगायला फार लागत नाही. शेवटी मात्र एक माणूस लागतो. आपल्यापुढं पाण्याचं मडकं घेऊन चालणारं कुणी आहे, या एका गोष्टीवर ती इतकी वर्षं निवांत होती. चावडीत पोराचं नातं आपल्या तोंडानं तोडायचं आणि मग मरताना त्यालाच हाक मारायची, हे कोणत्या तोंडानं करायचं? घरी आल्यावर तिनं शेळीला पाला टाकला. शेळी गाभण होती. मग कोपऱ्यातला तांब्याचा हंडा बघितला. त्याला पोचे होते, पण तांबं ते तांबं. दाराची फळी निघते का तेही हलवून पाहिलं. गणपती काय काय उचलेल याचा तिला अंदाज घ्यायचा होता.

तिसऱ्या दिवशी तिनं कामाचा खाडा केला आणि सकाळच्या एस्टीनं कोल्हापूर गाठलं. सयाजी कामावर असेल, त्याच्या बायकोपाशी निरोप ठेवून परत फिरू असा तिचा बेत होता. पण सयाजी खोलीतच होता. भिंतीला टेकून बसलेला, उजवा पाय उशीवर. घोट्यापासून बोटांपर्यंत फडकं गुंडाळलेलं.

"काय झालं रं हे?"

"काय न्हाय. रस सांडला जरा."

ओतकामातला रस म्हणजे वितळलेलं लोखंड. सयाजी ते उसाच्या रसासारखं बोलला. श्यामला, त्याची बायको, स्टोव्हपाशी पाठ करून बसली होती. "दोन आठवडं झालं, आत्ती," ती म्हणाली. "रजेचा पगार न्हाय. गावी सांगू नगा म्हणलेत."

चिमणाबाईला आता नोटिशीचं बोलायचं नव्हतं. ती बरोबर आणलेला गूळ ठेवून, चहा घेऊन उठणार होती. पण सयाजी तिला लहानपणापासून ओळखत होता. म्हातारी कामाचा खाडा करून एस्टीचं तिकीट काढते ती काही चहा प्यायला नव्हे. त्यानं विचारून विचारून सगळं काढून घेतलं.

"मी भरतो," तो म्हणाला. "जादा पाळी करतो."

"कशावर?" श्यामला स्टोव्हकडं बघतच म्हणाली. "एका पायावर?"

ती दुष्टाव्यानं बोलली नव्हती. तीन पोरांची ताटं मांडणाऱ्या बाईला आकडा आधी दिसतो. चिमणाबाईला वाटलं, आपण इथं यायलाच नको होतं. आपलं दुखणं आणून या पोराच्या दुखऱ्या पायावर ठेवलं आपण.

"तू काय भरू नगंस आनि तू काय येऊबी नगंस," ती म्हणाली. "शेरडी नेऊ देत. हंडा नेऊ देत. चावडीत मी तुला परका म्हणणार न्हाय. येतो मी."

सयाजी उठायला लागला, तर तिनं हातानंच त्याला बसवलं.

बाजारच्या दिवशी चावडी भरली होती. ज्यांचं काही काम नव्हतं तेच जास्त होते. साहेब नवा, वयानं कोवळा, चष्मा सारखा वर सरकवणारा. पंच म्हणून हंबीरराव बसले होते आणि दाराशी गणपती उभा होता. अण्णासो खांबाला टेकून होता, छातीवर हाताची घडी घालून. चिमणाबाई आपलं त्यातल्या त्यात बरं असलेलं हिरवं लुगडं नेसून आली होती. पुढं बसल्यावर तिच्या ध्यानात आलं की हे दिवाळीला सयाजीनंच दिलेलं. तिनं पदर आवळून घेतला, पण सगळं लुगडंच हिरवं, झाकणार काय आणि किती.

"तुम्हाला मूलबाळ?" साहेबानं विचारलं.

"दोन झालती. न्हाईत."

"मागच्या जबाबात मुलगा सांगितलाय. तो कोण?"

चिमणाबाईनं पदर आणखी आवळून घेतला.

"आजी, वसुली तुमच्यावर आहे. तुम्ही बोलल्याशिवाय मला काही करता येत नाही. सयाजी तुमचा कोण?"

मागून बायडाबाईनं कुजबुजत ढोसलं, "बोल की गं." चिमणाबाईनं तोंड उघडलं. तिचे हात मांडीवर पडले होते, चिरा पडलेले, अजून चिकट. ती त्यांच्याकडंच बघत राहिली. शेळी नेऊ देत असं मनाशी ठरवून आली होती खरी, पण गाभण शेळी डोळ्यांसमोरून हलत नव्हती, आणि पोरही हलत नव्हतं.

दाराशी गलका झाला. गणपती बाजूला झाला आणि सयाजी आत आला. डाव्या पायात चप्पल, उजव्याला फडकं. एस्टीतून उतरून फाट्यापासून चालत आला होता, घामानं निथळत होता. त्यानं चिमणाबाईकडं बघितलं नाही. सरळ साहेबासमोर जाऊन उभा राहिला.

"मी सयाजी. ही माझी कुणी न्हाय," तो म्हणाला. आवाज नको तितका मोठा होता. "नावाची चुलती हाय. मी कोल्हापुरात असतो. मी हिला बघत न्हाय."

"काही पैसे देता?"

"एक पै देत न्हाय."

"सणावाराला? कपडालत्ता?"

"न्हाय."

ते हिरवं लुगडं कुठून आलं हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत होतं. दिवाळीत चिमणाबाईनंच घरोघर दाखवलं होतं. साहेबानं चष्मा सरकवून हंबीररावांकडं पाहिलं. "पंच, हे खरं आहे?"

हंबीरराव जिभेचा तिखट माणूस. मजुरीतले पैसे कापायला कधी न चुकणारा. त्यांनी एकदा लुगड्याकडं बघितलं, एकदा सयाजीच्या पायाकडं बघितलं आणि खाकरले.

"खरं हाय. आमी कुणी कवा बघितलं न्हाय त्याला काय देताना."

अण्णासो खांबापासून निघाला आणि गर्दीतून वाट काढत बाहेर गेला. जाताना मुलाला त्याचा खांदा लागला, पण थांबला नाही. सयाजी तसाच उभा होता. त्याचा दुखरा पाय थरथरत होता आणि तो तेवढाच एक चिमणाबाईला दिसत होता. साहेबानं लिहून घेतलं. वसुली रद्द करण्याची शिफारस करतो म्हणाला. पगार पुन्हा सुरू व्हायला वेळ लागेल, आणि दर वर्षी चौकशी होईल, तेव्हा हाच जबाब लागेल. "आणि हो, तो तुमच्याकडं जेवायला-राहायला आलेला दिसला, कुणी अर्ज केला, तर मला पुन्हा हेच करावं लागेल." चिमणाबाईला तोंड उघडायची गरज उरली नाही. तिनं मान हलवली आणि अंगठा दिला. मागच्या वेळी याच अंगठ्यानं केलेलं या वेळी त्यानंच पुसलं.

चावडी सुटली तेव्हा सयाजी आधीच निघून गेला होता. ती एकटीच गुऱ्हाळाकडं गेली. अर्धा दिवस तरी भरेल, हा एक विचार, आणि घरी जाऊन एकटं बसवत नव्हतं, हा दुसरा. फडक्यात भाकरी बांधलेली होती, ती सकाळपासून खाल्ली नव्हती. रानात वाळलेल्या चिपाडाची गंज माणसापेक्षा उंच लागली होती. तिच्या मागं सावलीला कुणीतरी बसलं होतं. सयाजी होता, पाय पुढं लांब केलेला.

"एस्टीला वेळ हाय," तो म्हणाला. "घराकडं येत न्हाय. साहेबानं सांगितलंय."

चिमणाबाई त्याच्यापुढं बसली. पायाचं फडकं सुटलं होतं, तिनं ते सोडून पुन्हा नीट बांधलं. आत मांस लाल दिसत होतं. त्यानं दात आवळले.

"लई चालवलास पाय," ती म्हणाली. मग गाठ चाचपत म्हणाली, "सयाजी, आता माझं मडकं कोण धरणार रं?"

"मीच की."

"चावडीत कुणी न्हाय म्हणलास."

"त्या दिवशी कोण जबाब घ्यायला येतोय व्हय?" तो म्हणाला. "भाकरी हाय का काय? सकाळपास्नं पोटात काय न्हाय."

चिमणाबाईला रडू आलं आणि तिनं ते दाबलं नाही. रडत रडतच तिनं फडकं सोडलं. गुळव्याकडून वाटीभर काकवी मागून आणली आणि भाकरीवर ओतली. सयाजी खाली मान घालून खाऊ लागला. लहानपणी खायचा तसाच, काकवी मनगटापर्यंत ओघळू देत.

तेवढ्यात गंजीच्या पलीकडून चपलांचा आवाज आला. गणपती कोतवाल, या वेळी किटली घेऊन. चिमणाबाई झटकन उठली आणि गंजीच्या कडेला आडवी उभी राहिली, पण गणपतीला सयाजीचा फडकं बांधलेला पाय दिसला होता. पाय लपवायला जागाच नव्हती. सयाजीचा घास हातातच राहिला.

गणपती थांबला. त्यानं किटली या हातातून त्या हातात घेतली आणि दूर उसाच्या फडाकडं बघत विचारलं,

"चिमणाकाकू, एकटीच हायस न्हवं?"

चिमणाबाईनं डोळे पुसले. चावडीत जे घशाबाहेर आलं नाही ते आता सहज आलं.

"एकटीच हाय की रं," ती म्हणाली. "मला कोण हाय?"

"तेच म्हणलं," गणपती म्हणाला आणि किटली हलवत काहिलीकडं गेला.

मागं सयाजीनं हातातला घास तोंडात घातला.